पाच लाखांचं कार्ड आणि आपली पार्टी: आरोग्यविम्याच्या निवडीत राजकारण कुठून शिरतं?

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळू शकतात. घरातून एक रुपयाही हप्ता भरायचा नाही. तरी यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडे या उपचारांसाठीच्या आयुष्मान कार्डाचं शिबिर लागलं की काही घरं सकाळी सातलाच रांगेत हजर असतात आणि काही घरं दिवस मावळेपर्यंत फिरकत नाहीत.

न येणाऱ्यांना विचारून पाहा. एक म्हणतो, "कायले पाह्यजे? बिमार पडलो त पाहू." दुसरा म्हणतो, "ते त त्या पार्टीचं कार्ड आहे." तिसरा म्हणतो, "पीकविम्यानं काय देल्लं, त हे देईन?" यातलं दुसरं उत्तर राजकीय आहे हे कुणीही सांगेल. मला तिसरं त्याहून जास्त राजकीय वाटतं. का, ते समजून घ्यायला आधी विमा म्हणजे काय हे पाहावं लागेल.

विमा म्हणजे काय? सेवाग्रामच्या ज्वारीला विचारा

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या खेड्यांसाठी अनेक वर्षांपूर्वी एक योजना चालवली. सुगीत खळं झालं की ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबानं त्यानं ज्वारी द्यायची. ज्याच्याकडे जमीन नाही त्यानं थोडी कमी. त्या बदल्यात वर्षभर दवाखान्यात सवलतीत उपचार. हा हप्ता होता, फक्त तो पायलीनं मोजला जायचा.

या योजनेत एक शहाणपणाची अट होती: गावातली दोन-चार घरं आली तर चालणार नाही, बहुतेक घरं आली पाहिजेत. कारण उघड आहे. ज्यांच्या घरात दमेकरी आहे, बाळंतीण आहे, तेवढेच आले तर जमलेली ज्वारी महिन्याभरात संपेल. विमा चालतो तो यंदा आजारी न पडणाऱ्यांच्या जोरावर. पुढच्या वर्षी पाळी उलटते.

सरकारी विम्यात ज्वारीची जागा कराच्या पैशानं घेतली. कुटुंबामागचा खर्च सरकार तिजोरीतून करतं, आणि तिजोरीत आपण साबण, डिझेल, मोबाइलचं रिचार्ज यांवरच्या करातून रोज भर घालत असतो. म्हणजे 'फुकट' म्हणतात त्या कार्डाचा हप्ता तुम्ही कधीचाच भरलेला आहे.

ज्वारीच्या योजनेतली आणखी एक गोष्ट आजच्या योजनेत उरलेली नाही. तिथे ज्वारी नेणारा माणूस ओळखीचा होता आणि दवाखाना सायकलीच्या टप्प्यात. शब्द देणारा रोज दिसत होता. आज शब्द देणारा मुंबईत किंवा दिल्लीत बसतो आणि तो दर पाच वर्षांनी बदलू शकतो.

आपल्याकडची योजना नेमकी कुणाची?

खरं सांगायचं तर सगळ्यांची. १९९७ मध्ये युतीच्या काळात 'जीवनदायी' योजना आली. २ जुलै २०१२ ला आघाडी सरकारनं 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत आपल्या विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. तेव्हा मर्यादा होती कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०१७ मध्ये भाजप-सेना सरकारनं नाव बदलून 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' केलं. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत पंतप्रधानांनी 'आयुष्मान भारत' सुरू केली, पाच लाखांची, पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ज्यांची नावं आली त्यांच्यासाठी. महाविकास आघाडीच्या काळात, २०२० मध्ये, दोन्ही योजना एकत्र चालू झाल्या. महायुतीच्या काळात सगळ्या रेशनकार्डांना दार उघडलं. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रानं सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वेगळं कार्ड द्यायला सुरुवात केली.

मध्ये एक गोष्ट आपल्या भागासाठी झाली. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या चौदा जिल्ह्यांची नोंद झाली, तिथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर योजनेत घेतलं गेलं. त्यांत विदर्भातले सहा: अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा.

एवढी सरकारं आली-गेली, पण पाया कुणी उखडला नाही. प्रत्येकानं नाव, यादी किंवा रक्कम बदलली.

काम कसं चालतं ते थोडक्यात. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस खिडकीवर बसतो. तो कार्ड तपासतो आणि कागद वर पाठवतो. 'या रुग्णाचा हा उपचार करा, पैसे आम्ही देऊ' असा होकार आला की त्याला पूर्वमान्यता म्हणतात. उपचार यादीतला हवा आणि बहुतेक वेळा भरती व्हावं लागतं. ताप-खोकल्याची गोळी यात बसत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत.

आता गंमत पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४१ टक्के घरांनी सांगितलं की घरातल्या निदान एकाला तरी आरोग्यविमा आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास निघालं. आणि तेव्हाही पिवळ्या-केशरी कार्डाची कोट्यवधी कुटुंबं योजनेत होतीच! लोकांना आपल्याला विमा आहे हेच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो विमा आहे असं वाटत नव्हतं.

रेशनचा गहू सगळेच घेतात, मग कार्डापाशी का अडतं?

सरकार कुणाचंही असो, रेशनचा गहू कुणी परत करत नाही. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली तेव्हा विरोधी पक्षाच्या पक्क्या घरांतल्या बायांनीही अर्ज भरले. कारण गहू पिशवीत पडतो आणि पंधराशे रुपये खात्यात दिसतात. देणाऱ्यावर भरवसा ठेवायची गरजच पडत नाही.

विम्याचं तसं नाही. आज हातात येतो तो प्लास्टिकचा तुकडा आणि एक शब्द: 'पुढे कधी आजारी पडलात तर आम्ही आहोत.' असा शब्द खरा मानायचा की नाही, हे माणूस शब्द देणाऱ्याकडे पाहून ठरवतो. सोयरिकीत असं होतं. स्थळ चांगलं, मुलगा नोकरीवाला, शेतीही आहे, पण मध्यस्थावर विश्वास नाही, म्हणून बाप चौकशीलाही जात नाही. राजकीय मत आरोग्यविम्यात शिरतं ते याच फटीतून. हातात पडणाऱ्या वस्तूपेक्षा पुढच्या वायद्यावर त्याचा जोर जास्त चालतो.

हे नुसतं बोलणं आहे की कुणी तपासलं आहे?

अमेरिकेत तपासलं गेलं आहे. तिथे मार्च २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आरोग्यविम्याचा मोठा कायदा केला. लोकांनी सरकारी संकेतस्थळावर जाऊन विमा निवडायचा, कमी उत्पन्न असेल तर सरकार हप्त्यात मदत करणार. विरोधी रिपब्लिकन पक्षानं त्याला 'ओबामाकेअर' म्हणून झोडपलं. २०१७ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की बाकी सगळी परिस्थिती सारखी असतानाही रिपब्लिकन मतदार या सरकारी बाजारातून विमा कमी घेत होते. मग त्यांनी एक प्रयोग केला. काही लोकांना सरकारी संकेतस्थळाकडे पाठवलं, काहींना खासगी संकेतस्थळाकडे. खासगी दारातून पाठवलेल्या रिपब्लिकन लोकांनी विमा जास्त घेतला.

केंटकी राज्यात तर नावानंच काम केलं. तिथल्या गव्हर्नरनं त्याच कायद्याखालच्या राज्यातल्या व्यवस्थेला 'कायनेक्ट' असं साधं नाव दिलं. २०१४ च्या एका जनमत चाचणीत तिथले ५७ टक्के लोक 'ओबामाकेअर' वाईट म्हणाले. 'कायनेक्ट'ला वाईट म्हणणारे निघाले २२ टक्के. आपल्याकडे योजनेचं नाव राजीव गांधींवरून फुल्यांवर का गेलं, याचं उत्तर मुंबईत शोधण्याआधी केंटकीचा हा आकडा वाचावा. नाव फुकट बदलत नाहीत.

उलट बाजूही आहे. गरिबांच्या सरकारी विम्याचा विस्तार करायचा की नाही हे २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांवर सोडलं. रिपब्लिकन सत्तेतल्या अनेक राज्यांनी नकार दिला. टेक्सास, फ्लोरिडा वर्षानुवर्षं अडून बसले. पण जिथे प्रश्न थेट मतदारांपुढे मतपत्रिकेवर ठेवला गेला, तिथे २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का आणि युटानं, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसुरीनं 'हो' म्हटलं. ही सगळी रिपब्लिकन पक्षाला भरघोस मतं देणारी राज्यं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नव्हतं, फक्त विमा हवा की नको एवढंच विचारलं होतं.

आपल्याकडे आधी राज्यंच रुसली

आयुष्मान भारतचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटला जातो. जानेवारी २०१९ मध्ये पश्चिम बंगाल योजनेतून बाहेर पडलं. लोकांच्या घरी पंतप्रधानांचा फोटो असलेली पत्रं गेली, पैसे आम्हीही देतो मग श्रेय एकट्याचं कसं, हे भांडण होतं. ओडिशानं स्वतःची बिजू पटनायकांच्या नावाची योजना चालवली आणि केंद्राची घेतली नाही. दिल्लीही बाहेर राहिली. ओडिशात २०२४ ला आणि दिल्लीत २०२५ ला भाजपची सत्ता आली आणि २०२५ मध्ये दोन्ही योजनेत आल्या. तिथल्या लोकांचे आजार काही निवडणुकीनं बदलले नव्हते.

हे दूरचं वाटत असेल तर गडचिरोलीत तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाकडे पाहा. तिथल्या माणसाला नागपूरपेक्षा तेलंगणातली मोठी गावं जवळची आणि आजारपणात तो तिकडेच वळतो. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचं कार्ड योजनेत सामील असलेल्या दुसऱ्या राज्यातही चालतं. तेलंगण २०२१ पर्यंत सामील नव्हतं. म्हणजे हैदराबादेतल्या एका राजकीय निर्णयावर गोदावरी-प्राणहितेच्या अलीकडच्या माणसाचा दवाखाना अवलंबून होता.

"आमच्या गावात पार्टी पाहून कोणी कार्ड काढत नाही"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. विदर्भातल्या खेड्यात घरातल्या चार भावांची चार पार्ट्यांत विभागणी असते आणि पोळ्याला सगळे एकाच तोरणाखाली उभे असतात. अमेरिकेसारखी सरळ फाळणी आपल्याकडे नाही.

पण शिबिराच्या जागी उभं राहून पाहा. एका गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र आणि मागे स्थानिक नेत्याचा हसरा फ्लेक्स. माजी सरपंचाच्या आळीतली माणसं समोरच्या पानठेल्यावर बसून मजा पाहत होती. "त्यायच्या फ्लेक्सखाली फोटो कायले काढू?" आठवडाभरानं तेच काम आशाताईंनी अंगणवाडीत घेतलं आणि त्याच आळीतल्या बाया आपापली रेशनकार्डं घेऊन आल्या. कार्ड तेच होतं, फक्त मध्यस्थ बदलला होता. रांगेत खरी अडचण वेगळीच निघाली: कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजलेल्या, अंगठा उठेना, आणि आधारला जोडलेला मोबाइल पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या पोराच्या खिशात. ओटीपी त्याच्याकडे, आणि तो पाळीवर.

आता सुरुवातीच्या तिसऱ्या, पीकविम्याच्या उत्तराकडे येऊ. विदर्भात राजकीय मत म्हणजे पक्षापेक्षा जास्त करून सरकारच्या शब्दाचा जुना हिशेब असतो. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारातलं काय पाळलं आणि काय नाही, याची यादी अजूनही अनेकांना पाठ आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला. ओलिताच्या भागात दोन हेक्टरवाला बरा कमावतो. आमच्या कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात तीन-चार हेक्टरवालाही कर्जात बुडालेला, आणि तोच यादीबाहेर. हा हिशेब लोक विसरलेले नाहीत.

त्यावर पीकविम्याची भर. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीकविमा आणला, २०२५ मध्ये तो बंद झाला. पीकविम्यात नुकसानभरपाई बऱ्याचदा महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातल्या, सरासरी उत्पन्नावर ठरते. तुमचं सोयाबीन सडलं, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर तुमच्या हाती काही नाही. २०२५ च्या आधी अतिवृष्टीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची, आणि त्या ७२ तासांत गावात लाइट नसायची, मोबाइलला रेंज नसायची. अशा माणसासमोर 'विमा' शब्द काढला की तो हसणारच.

म्हणून हा फरक नीट सांगायला हवा. आरोग्यविम्यात मंडळाची सरासरी नसते. गावातली बाकी सगळी माणसं ठणठणीत असली तरी तुमच्या एकट्याच्या हृदयाचा खर्च मोजला जातो. दोन्ही योजनांत 'विमा' हा शब्द आहे, पण पैसे ठरण्याची रीत वेगळी आहे. हे शिबिरात कुणी सांगत नाही. तिथे फक्त 'लवकर काढा' एवढंच सांगतात.

"पण दवाखान्यात पैसे मागतातच ना? मग भरवसा का ठेवावा?"

मागतात. पूर्वमान्यता येण्याआधीच्या तपासण्या बाहेरून करून आणायला सांगतात, 'योजनेचा बेड रिकामा नाही' म्हणतात. रुग्णालयांची तक्रार असते की योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात. त्यात तथ्य आहे, पण त्याचा भार रुग्णाच्या नातेवाइकानं उचलायचा असा नियम कुठेही नाही. यादीतला उपचार असेल आणि पूर्वमान्यता मिळाली असेल, तर त्या उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. मागितले तर आधी आरोग्यमित्राकडे जा. तो टाळत असेल तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. पावती सोडू नका. पावतीशिवाय दिलेला पैसा कागदावर दिलेलाच नसतो.

इथे राजकीय मताचा एक उफराटा परिणाम दिसतो. जो सरकारच्या विरोधात आहे तो तक्रार करत नाही: 'हे असंच होणार होतं.' जो बाजूचा आहे तोही करत नाही: 'आपल्याच सरकारला कशाला बदनाम करा?' दोघांच्या गप्प बसण्यानं तक्रारीची वही कोरी राहते, आणि वरचा साहेब म्हणतो, जिल्ह्यात सगळं सुरळीत आहे.

"विम्यापेक्षा सरकारी दवाखाने सुधारा की"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. एक बाजू म्हणते, विम्याचा पैसा खासगी रुग्णालयांत जातो, तोच ग्रामीण रुग्णालयात घातला तर भूलतज्ज्ञ मिळेल, रक्त साठवता येईल. दुसरी बाजू म्हणते, गरिबालाही दवाखाना निवडायचा हक्क हवा.

माझं मत पहिल्या बाजूकडे झुकतं, आणि त्याचं कारण नकाशावर आहे. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. खिशात पाच लाखांचं कार्ड असलं तरी बाळंतिणीला पूर ओलांडता येत नाही. मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून अमरावतीला पोहोचायचं तरी तेच. योजनेशी जोडलेली मोठी रुग्णालयं नागपूर, वर्धा, अमरावतीकडे दाटीनं आहेत. जिथे रुग्णालय नाही तिथे विमा काही विकत घेऊ शकत नाही.

तरी एकाला हो म्हणजे दुसऱ्याला नाही, असं करू नये. योजनेचे पैसे सरकारी रुग्णालयांनाही मिळतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कार्डावर शस्त्रक्रिया झाली तर तिचे पैसे तिथेच जमा होतात. कार्ड न काढता मेडिकलला जाणारा माणूस त्या दवाखान्याचंही थोडं नुकसान करतो.

"कार्ड घेतलं तर मत द्यावं लागेल?"

नाही. आरोग्यमित्राच्या खिडकीवर तुमचं आधार तपासतात, बूथ क्रमांक कुणी विचारत नाही. कार्ड काढून विरोधात मत देता येतं, आणि मत देऊनही योजनेवर टीका करता येते. ज्या सरकारनं तुम्हाला कार्ड दिलं त्यालाच 'आमच्या तालुक्यात हाडाची शस्त्रक्रिया कार्डावर कुठे होते?' असं ग्रामसभेत विचारणं हा अपमान नाही. उमेदवार 'इतकी कार्डं वाटली' म्हणाला तर त्याला विचारा, त्यांतल्या किती कार्डांवर खरोखर उपचार झाले आणि किती जणांना परत पाठवलं.

शिबिर पक्षाचं असेल आणि तुम्हाला तिथे जायचं नसेल तर जाऊ नका. आशाताई, 'आपलं सरकार' सेवा केंद्र किंवा जोडलेल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र, यांच्याकडे तेच काम होतं. रेशनकार्ड आणि आधार न्या. अंगठा उठत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आयुष्मानच्या अॅपमध्ये आहे, ती करायला सांगा. आणि रेशनकार्डावर सुनेचं, नातवाचं नाव चढलेलं आहे का, ते घरून निघतानाच पाहून घ्या.